वर्कहाउसात भरती कशी होते? पात्रता, कागदपत्रे, पद्धत (इंग्लंड, साल १८५०)

आधी एक गल्लत दूर करू. आम्सहाउस वेगळं, वर्कहाउस वेगळं. आम्सहाउस म्हणजे कुणा दानशूराच्या ट्रस्टने म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या खोल्या. तिथली जागा बहुधा कुणी वारल्यावरच रिकामी होते, आणि सरकारी मदत घेतलेल्याला बऱ्याच ट्रस्टांच्या दारात उभं करत नाहीत. बाकीच्यांसाठी वर्कहाउस, म्हणजे निराधारांना आत ठेवून, कामाला लावून पोसणारं सरकारी गरीबघर.

पात्रता: दुसरा कसलाच आधार नसणे. गरिबांच्या मदतीसाठीच्या १८३४च्या कायद्याचं धोरण असं, की बाहेर सर्वांत कमी मजुरीवर राबणाऱ्यापेक्षा आतल्याची स्थिती बरी असता कामा नये. थोडक्यात, माणसाने अर्ज करूच नये अशी सोय.

अर्ज 'रिलीव्हिंग ऑफिसर'कडे, म्हणजे मदतीचे अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे. फॉर्म भरावा लागत नाही. तोच घरी येऊन वय, धंदा, मिळकत, दुखणं, पोरंबाळं वहीत उतरवतो. मग वर्कहाउसचा कारभार पाहणाऱ्या गार्डियन मंडळाच्या बैठकीत हजर राहायचं. मंजुरीची चिठ्ठी ६ दिवसांत दारावर दाखवली नाही तर बाद.

कागदपत्रांपेक्षा जड जातो तो एक प्रश्न: तुझी पॅरिश, म्हणजे तुझं गाव कोणतं? पोटाला घालायची जबाबदारी त्या गावाची. जन्म, वडिलांचं गाव, उमेदवारी (कुणाच्या हाताखाली धंदा शिकणं), वर्षाला १० पौंड भाड्याचं घर, यांपैकी काहीतरी मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर सांगायचं. लग्न झालेल्या बाईचं गाव नवऱ्याचं, मग तिने ते डोळ्यांनी पाहिलेलं नसलं तरी. (रेशनकार्डावरचं नाव माहेरहून सासरी हलवायला फेऱ्या मारलेल्यांना हे नवं वाटणार नाही.) गाव दुसरं निघालं तर रवानगी तिकडे. १८४६पासून एक दिलासा आहे: सलग ५ वर्षं एकाच पॅरिशात काढली असतील तर हलवता येत नाही. मात्र मदतीवर काढलेले दिवस त्यात धरत नाहीत.

आत गेल्यावर डॉक्टरची तपासणी, आंघोळ, आणि अंगावरचे कपडे काढून धुऊन, नावाची चिठ्ठी लावून कोठीत. बदल्यात वर्कहाउसचा पोशाख. मग वर्गवारी: एकूण ७ वर्ग, प्रत्येकाचं अंगण वेगळं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, सात वर्षांवरची मुलं तिसरीकडे. दोघेही साठीपुढचे असतील तर १८४७च्या कायद्याने एकत्र राहायची मागणी करता येते.

जेवायला पाव, चीज, ओटची पातळ पेज. काम म्हणजे खडी फोडणं किंवा डांबर लावलेले जुने दोर बोटांनी उसवणं. हाडं कुटणं आता बंद आहे. अँडोव्हर गावच्या वर्कहाउसात कुटायला दिलेल्या हाडांतली मज्जा माणसं भुकेपोटी ओरबाडून खात होती. १८४५ साली ते उघडकीला आलं आणि पार्लमेंटात गाजलं.

बाहेर पडायला परवानगी लागत नाही, थोडे तास आधी सांगितलं की पुरे. मात्र कुटुंबप्रमुख निघाला की बायकोमुलंही निघाली. कोठीतले आपले कपडे आठवणीने मागून घ्यायचे. वर्कहाउसच्या पोशाखात न सांगता निघून गेलेल्यावर चोरीचा खटला भरतात.