घरपट्टी नेमकी कशावर? भाडं, किंमत आणि हद्द

दहिसरच्या नाक्याच्या अलीकडे मुंबई महापालिकेची हद्द, पलीकडे मीरा-भाईंदरची. अलीकडे ४८० चौरस फुटांचं राहतं घर असेल तर मालमत्ता कर माफ. पलीकडे तेवढ्याच मापाचं, बहुधा त्याहून स्वस्त घर असलं तरी ही माफी लागू नाही, कारण तिथं कायदाच वेगळा. मुंबईला १८८८ चा स्वतःचा कायदा आहे, राज्यातल्या बाकी महापालिका १९४९ च्या कायद्याखाली चालतात.

घर घ्यायचं ठरलं की आपण शहरं शेजारी-शेजारी मांडून बघतो. इथला चौरस फुटाचा भाव, तिथला भाव, इथली घरपट्टी, तिथली घरपट्टी. भावाची तुलना बऱ्यापैकी जमते. घरपट्टीची जमत नाही, कारण तो आकडा घर आज कितीचं आहे हे सांगतच नाही. ते घर कधी, कुठल्या हद्दीत आणि कुठल्या नियमानं मोजलं गेलं, एवढंच त्यातून कळतं. हे असं का झालं, त्याची मुळं मुंबईच्या चाळींत आहेत.

१८८८ चा मुंबई महापालिका कायदा घडवण्यात फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. त्या कायद्यानं कराचा पाया धरला तो भाड्याचा. घर वर्षभर भाड्यानं दिलं तर वाजवीपणे किती भाडं मिळेल ते काढायचं, दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे, उरेल ते करपात्र मूल्य. त्या काळी हे अगदी सरळ होतं. गिरणी कामगार, कारकून, गोदीत खपणारे, बहुतेक सगळे भाड्याच्या खोल्यांत राहत. भाडं हीच घराची किंमत होती आणि भाडं वाढलं की करही आपोआप वाढायचा.

मग महायुद्धं आली. पहिल्या युद्धात शहरात माणसांची गर्दी वाढली, भाडी भडकली आणि १९१८ मध्ये पहिला भाडे नियंत्रण कायदा आला. दुसऱ्या युद्धात तेच पुन्हा घडलं. १९४७ च्या कायद्यानं १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच ‘प्रमाण भाडं’ म्हणून बांधून टाकलं. कायदा तात्पुरता होता, पण मुदतवाढ मिळत-मिळत तो पन्नास वर्षांहून जास्त टिकला. भाडेकरूला त्यानं छप्पर दिलं हे विसरता येणार नाही. लालबाग-परळमधली हजारो मराठी कुटुंबं त्याच्याच आधारावर मुंबईत टिकली. पण कराचा पाया भाडं होता, आणि भाडंच गोठलं.

समजा, गिरगावातल्या एका चाळीत खोलीचं भाडं महिना ४० रुपये. वर्षाचे झाले ४८०, दहा टक्के गेले ४८, करपात्र मूल्य उरलं ४३२ रुपये. १९४० साली तेवढंच, १९९० सालीही जवळपास तेवढंच. मधल्या काळात त्याच खोलीची पागडी, म्हणजे ताबा घेताना एकरकमी द्यायचे पैसे, हजारांवरून लाखांवर गेली. खोलीची खरी किंमत पागडीच्या रूपानं एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, पण ती भाड्याच्या पावतीवर कधीच उमटली नाही. म्हणून पालिकेच्या हिशेबातही आली नाही. दिल्लीच्या एका खटल्यात डिसेंबर १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जिथं भाडे नियंत्रण आहे तिथं करासाठीचं मूल्य प्रमाण भाड्याच्या वर नेता येणार नाही. पालिकेची वाट तिथं बंद झाली.

एवढ्याशा भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या भाड्याच्या इमारतींवर वेगळा उपकर बसवला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द तिथून रूढ झाला. अ, ब, क असे वर्ग ठरले, आणि पहिल्या वर्गाची सीमा पुन्हा तीच, १ सप्टेंबर १९४०. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भाडं इतकी वर्षं गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. २००० साली नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. पण चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे.

महापालिकांना याची झळ फार दिवस जाणवली नाही, कारण जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचा, पैसे रोज जमा व्हायचे, आणि घरपट्टी सुधारण्याचं नावडतं काम पुढं ढकलता यायचं. हेच मला सगळ्यात खटकतं. वर्षानुवर्षं निर्णय न घेण्याची किंमत शेवटी नव्यानं घर घेणाऱ्यानं मोजली, कारण त्याच्या घराची आकारणी ताज्या दरानं होत राहिली. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली. बाकीच्या शहरांत तिच्या जागी आलेला एलबीटीही (स्थानिक संस्था कर) तोवर बहुतेकांसाठी रद्द झालेला होता. त्यानंतर घरपट्टी हाच पालिकांचा मुख्य हक्काचा पैसा उरला.

त्याआधीच, १ एप्रिल २०१० पासून, मुंबईनं पाया बदलला होता. भाड्याऐवजी भांडवली मूल्य. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं भागवार ठरवलेला मालमत्तेचा दर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, वापर, मजला हे सगळं धरून घराची किंमत काढायची आणि तिच्यावर कर. दक्षिण मुंबईतल्या जुन्या घरांना एकदम फटका बसू नये म्हणून वाढीला मर्यादा घातल्या. ५०० चौरस फुटांच्या आतल्या घरांना पहिली पाच वर्षं वाढ नको, असंही ठरलं. पुढं त्या ५०० फुटांचाच राजकीय शब्द झाला. २०१७ च्या पालिका निवडणुकीत पूर्ण माफीचं आश्वासन आलं, २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, आणि २०२२ मध्ये संपूर्ण मालमत्ता कर. दरम्यान नियमांवरची लढाई न्यायालयात गेली. जमिनीवर पुढं किती बांधता येईल हे धरून आज कर लावता येणार नाही, आज जे आहे त्याचीच किंमत धरायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला.

माफीचं मला मनापासून समाधान आहे. मानखुर्दच्या किंवा काळाचौकीच्या छोट्या घरातल्या निवृत्त माणसाला तिचा खरा आधार झाला. पण ती मापाला दिली, किमतीला नाही. त्यामुळे मलबार हिलवरचं ४९० फुटांचं घरही तिच्यात बसतं आणि दहिसरचं ५२० फुटांचं बसत नाही.

पुण्याची गोष्ट वेगळी. तिथं पाया अजूनही भाड्याचाच, म्हणजे करपात्र रकमेचा. १९७० पासून स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत. समजा करपात्र रक्कम १०,००० रुपये धरली, तर कर ६,००० वर. लेखापरीक्षणात यावर आक्षेप निघाले, २०१९ मध्ये सवलत थांबली, मागच्या फरकाची बिलं लोकांच्या हातात पडली आणि शहरात संताप उसळला. २०२३ मध्ये राज्य सरकारनं सवलत परत दिली, पण घरमालकाला पीटी-३ अर्ज भरून ‘मी इथंच राहतो’ हे सिद्ध करावं लागलं. सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसची पावती अशा कागदांचा जुडगा घेऊन ज्येष्ठ मंडळी क्षेत्रीय कार्यालयांत रांगेत उभी राहिली. शिवाय पुण्यात जुन्या घराची आकारणी जुन्याच दरावर राहते. म्हणून पेठेतल्या मोक्याच्या जागेवरचं जुनं घर कमी भरतं आणि उपनगरातला नवा टू-बीएचके जास्त.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असं नाही. कॅलिफोर्नियात १९७८ च्या सार्वमतानं कर घराच्या खरेदी किमतीच्या एक टक्क्यावर बांधला, आणि घर विकेपर्यंत करासाठीची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. सॅन होजेला पूर्वी स्थायिक झालेलं मराठी कुटुंब आणि त्यांच्या शेजारी आत्ता घर घेतलेला त्यांचाच भाचा, दोघांच्या बिलांत कित्येक पटींचा फरक असू शकतो. तेव्हा तिकडच्या माणसाशी आकड्यांची तुलना करताना त्यानं घर कधी घेतलं हे आधी विचारायला हवं.

घर विकत घेताना मात्र आपल्याकडे चित्र उलटं. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचा भाव आणि व्यवहाराची रक्कम यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. मुंबईत २०२२ पासून मेट्रोचा एक टक्का धरून सहा टक्के. म्हणजे घेताना एकदम भरपूर, नंतर दर वर्षी जुन्या हिशेबानं थोडं. नोकरीनिमित्त दर काही वर्षांनी शहर बदलणाऱ्याला हा सगळ्यात महाग प्रकार पडतो. दोन शहरांतली नुसती घरपट्टी पाहून निर्णय घेणाऱ्यांनी हा खर्च आधी धरावा.

गावात आणखी तिसरी पद्धत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत घर चढतं, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) घरपट्टी, दिवाबत्ती आणि पाणीपट्टी वसूल करतो. पूर्वी क्षेत्रफळावर कर होता. तो उच्च न्यायालयात टिकला नाही आणि २०१५ च्या अखेरीस नियम बदलून गावंही भांडवली मूल्यावर आली. दर मात्र हजार रुपये मूल्यामागे पैशांत मोजण्याइतके. तेच गाव महापालिकेत आलं की हिशेब पालटतो. कर पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं शहराच्या पातळीला नेतात, रस्ता आणि ड्रेनेज मात्र तेवढ्या वेगानं येत नाही.

पुण्याच्या पूर्वेला फुरसुंगी आणि उरुळी देवाची. शहराचा कचरा अनेक वर्षं याच गावांच्या वेशीवर पडला. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत आली आणि घरपट्टी वाढली. कर भरूनही सोयी नाहीत म्हणून लोक भांडत राहिले, आणि २०२४ मध्ये दोन्ही गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. तिथल्या एखाद्या चार खोल्यांच्या घराची सात वर्षांत तीन वेगवेगळ्या कार्यालयांत नोंद झाली: आधी ग्रामपंचायत, मग महापालिका, आता नगरपरिषद. भिंती त्याच, उंबरा तोच.