ट्रायकोकार्डावरच्या माशीची ओळख कशी पटली

माळशिरस, पंढरपूर, मोहोळच्या पट्ट्यात सुरू हंगामातल्या उसाचा पोंगा, म्हणजे मधली सुरळी, वाळला आणि ओढताच हातात आला, की खोडकिडीची खात्री पटते आणि ट्रायकोकार्डाची चौकशी सुरू होते. कार्डावर तांदळाच्या पतंगाची सुमारे २० हजार अंडी चिकटवलेली असतात. परोपजीवी माशीने त्यांत आपलं अंडं घातलं की काही दिवसांत ती काळी पडतात. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचल्या की जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या माश्या बाहेर पडतात, खोडकिडीच्या अंड्यांवर जातात आणि त्यांतही आपलं अंडं घालून कीड जन्मण्याआधीच संपवतात. कार्डावर नाव असतं ट्रायकोग्रामा चिलोनिस.

या नावापर्यंत यायला बराच काळ गेला. ट्रायकोग्रामा हा वंश ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुड यांनी १८३३ मध्ये नोंदवला. १९२०च्या दशकात अमेरिकेत फ्लँडर्स यांनी धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर ही माशी मोठ्या संख्येने वाढवायची पद्धत बसवली आणि देशोदेशी तिची पैदास होऊ लागली. ओळख मात्र बरीचशी अंगाच्या रंगावरून होत असे. रंग तर तापमानानुसार बदलतो, थंडीत वाढलेली माशी गडद आणि उन्हाळ्यातली पिवळी. त्यामुळे भारतातल्या माशीला कधी इव्हॅनेसेन्स, कधी मिन्युटम, कधी ऑस्ट्रॅलिकम म्हटलं गेलं. जुने अहवाल वाचताना नेमकी कोणती माशी सोडली होती हे सांगता येत नाही, आणि मग त्या प्रयोगाच्या यशापयशावरून काही शिकताही येत नाही.

हा गुंता बंगळूरमध्ये सुटला. राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या तिथल्या केंद्रात सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी नराच्या जननेंद्रियाची रचना तपासली. नर काचपट्टीवर पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्या अवयवाचा आकार जातीनुसार वेगळा दिसतो आणि रंगासारखा हवामानाने बदलत नाही. १९७१ मध्ये त्यांनी जुन्या जातींची वर्णनं या आधारावर नव्याने लिहिली. इशी यांनी १९४१ मध्ये जपानमधून वर्णिलेली चिलोनिस म्हणजेच आपल्याकडची माशी, हे १९७९ मध्ये त्यांनीच स्पष्ट केलं. भारतीय कृषिकीटकशास्त्रातलं हे पायाभूत काम आहे आणि ते शेतकऱ्यांपर्यंत नावानिशी पोहोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण नरच नसेल तर? ट्रायकोग्रामाच्या काही समूहांत फक्त माद्याच जन्मतात. त्याचं कारण वोल्बाकिया हा जिवाणू. प्रतिजैविक दिल्यावर नर पुन्हा जन्मू लागतात, हे स्टाउटहॅमर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं. आता डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून एकट्या मादीचीही जात ठरवता येते.

उसात याचा थेट उपयोग होतो. खोडकिडीसाठी चिलोनिस सोडतात, शेंडेकिडीसाठी ट्रायकोग्रामाचीच दुसरी जात, जापोनिकम. शिवाय एकाच जातीत वाणावाणांचा फरक असतो. बंगळूरच्याच संशोधकांनी चिलोनिसचा जास्त तापमान सोसणारा वाण निवडून काढला आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, म्हणून कार्ड घेताना जातीबरोबर वाणही विचारावा. तो सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा दिसत नाही, पैदास करणाऱ्याच्या नोंदवहीतूनच कळतो.