कृष्णेत वाहणारा कार्बन आणि समुद्राचा काटा

महाबळेश्वरच्या डोंगरावरचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. सावित्रीत उतरलेलं पाणी पोलादपूर-महाडवरून अरबी समुद्राला मिळतं, तर कृष्णेतलं वाई, कऱ्हाड, सांगली करत बंगालच्या उपसागरात. दोन्हींतून हवेतला कार्बनही समुद्रात जातो. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यामुळे किंचित आम्ल होतं आणि सह्याद्रीचा काळा पाषाण कणाकणाने झिजवतं. दगडातून कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतात, कार्बनचं बायकार्बोनेट होतं. समुद्रात पोचलं की ते हजारो वर्षं हवेत परतत नाही.

खडकांच्या या झिजेने जगभरात वर्षाला साधारण १ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेतून जातो. आपण कोळसा, तेल, वायू जाळून ३७ अब्ज टनांहून जास्त सोडतो. त्यातला पाव हिस्सा समुद्र मुकाट गिळतो, पण त्यापायी त्याच्या वरच्या थराचा सामू (पीएच; तो उतरला की आम्लता वाढते) ८.२ वरून ८.१ वर आलाय. आकडा किरकोळ दिसतो, पण आम्लता त्यामुळे पाव पटीहून जास्त वाढली आहे.

ही झीज आपणच वाढवली तर? दगडाची पूड शेतात पसरायची, किंवा चुन्यासारखा अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचा) पदार्थ थेट समुद्रात सोडायचा, म्हणजे ते पाणी हवेतून आणखी कार्बन ओढेल. पहिला मार्ग आपल्याकडे सुरूही झालाय. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या रानात बेसाल्टची, म्हणजे याच काळ्या पाषाणाची, पूड टाकणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझ या जागतिक स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं बक्षीस मिळालं. साताऱ्यात तर क्रशरवर या दगडाच्या डस्टचे ढीगच असतात.

पण ती कुठल्या रानात टाकायची, यावर सगळं आहे. कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या जमिनीत निचराच नाही. तिथलं बायकार्बोनेट नदीपर्यंत जाणार कसं? ते जागीच कॅल्शियमशी जुळून चुनखडी होतं आणि तसं होताना निम्मा कार्बन पुन्हा हवेत सुटतो. चुनखडीच्या रानात द्राक्षाची पानं लोहाअभावी पिवळी पडतात, हे तासगावच्या बागायतदाराला कुणी सांगायला नको. त्यामुळे माझं मत सरळ आहे: प्रयोग करायचाच तर पाटण-महाबळेश्वरच्या आम्ल तांबड्या मातीत करावा, जिथे पाऊस धो धो आणि निचरा चांगला. मिरज-वाळव्याच्या क्षारपडीत नको.

समुद्रातही हीच गोम आहे. चुना एकदम जास्त पडला तर पाण्यातच चुनखडीचे कण बनू लागतात आणि आधी होता तेवढा अल्कधर्मही हातचा जातो. शिवाय चुनखडी भाजून १ टन चुना करताना नुसत्या दगडातूनच पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टीचं इंधन वेगळंच. भट्टीचा वायू पकडला नाही तर या उद्योगात फारसं काही हाती लागत नाही.

समुद्राने याआधीही अंदाज चुकवलाय. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी शेवाळ वाढून त्यातला कार्बन तळाशी जावा म्हणून दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोहाचं खत टाकलं. शेवाळ वाढलं, पण कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांनी ते फस्त केलं. तळाशी कार्बन गेला तो नगण्य. माझ्या मते हा प्रयोग वाया गेला नाही. निकाल लपवला नाही, हीच त्याची किंमत.

आता मात्र हवेतून काढलेला कार्बन डायऑक्साइड टनावर विकला जातो, टनामागे पैसे मिळतात. ऊस उत्पादकाला विचारा: तोलणाराच काट्याचा मालक असेल तर काय होतं? समुद्रात तर काटा बसवणंच कठीण. नदीच्या पाण्यातलं बायकार्बोनेट कॉलेजच्या प्रयोगशाळेतही मोजता येतं. पण अल्कली टाकलेलं समुद्राचं पाणी हवेतून कार्बन ओढायला महिने, कधी वर्षंही घेतं आणि तोवर ते दूरवर पांगलेलं असतं. मग किती टन गेला, हे संगणकावरच्या प्रतिमानावरून (मॉडेलवरून) काढावं लागतं. ते प्रतिमान आणि त्यामागची मोजमापं विक्रेत्याच्या कपाटात असतील तर त्या टनांना पैसे देऊ नयेत. मोजणी वेगळ्या हातांनी व्हावी, आकडे सगळ्यांना दिसावेत, आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना पाण्यात काय पडणार हे आधी कळावं, नंतर वर्तमानपत्रातून नव्हे.