गाडीची ‘टिंग’ घरी घडवताना

दार नीट लागलं नाही की काही गाड्या ‘टिंग… टिंग’ म्हणतात, काही नुसत्या कर्रर्र करत राहतात. निरोप दोघींचा सारखाच, पण पहिलीचं ऐकून आपण दार लावतो आणि दुसरीवर आधी वैतागतो. या फरकाचं मूळ सुरात फारसं नाही. आवाज विझतो कसा, यात ते आहे.

बझर एकदम सुरू होतो, एकाच जोराने वाजतो आणि एकदम तुटतो. घंटीचा नाद आघातासरशी उमटतो आणि लगेच उतरू लागतो. सारख्या वेळात उरलेल्या जोराचा सारखा हिस्सा कमी होतो, म्हणून उतार सुरुवातीला तीव्र आणि शेवटी लांबलचक असतो. भारलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) रेझिस्टरमधून (प्रवाहाला अडवणाऱ्या भागातून) रिकामा होतो तेव्हा त्याचा विद्युतदाब नेमका याच रीतीने घसरतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घेतला, तर साधारण ०.४७ सेकंदात मूळ दाबाच्या ३७ टक्के उरतो, पुढच्या ०.४७ सेकंदात त्या उरलेल्याचे ३७ टक्के. हा घसरता दाब आवाजाच्या जोरावर ताबा ठेवायला दिला की बझरची घंटी होते.

सूर काढायला हौशी मंडळी अजूनही ५५५ ही चिप वापरतात. हान्स कामेनझिंड यांनी ती १९७१ साली आखली आणि सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणली. एक किलोओहम आणि ८.२ किलोओहम हे दोन रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की ती ८३० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३० वेळा, कंप पावते. पण तिची लहर चौकोनी. चौकोनी लहरीत मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे सूरही असतात आणि त्यांनीच आवाज चिरका होतो. ते गाळावे लागतात.

गंमत अशी, की नुसता शुद्ध सूरही घंटीसारखा वाटत नाही, शिट्टीसारखा वाटतो. धातूची मोकळी पट्टी ठोकली की तिचा दुसरा सूर मूळ सुराच्या दुप्पट किंवा तिप्पट नसतो, साधारण २.७६ पट असतो. त्या बेहिशेबी सुरानेच कानाला ‘धातू’ कळतो. मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपवर, हे सोपं आहे. मूळ सूर आणि त्याच्या २.७६ पट असलेला एक हलका सूर मिसळायचा, आणि वरचा सूर जास्त वेगाने विझवायचा. जोराला सेकंदातून ५०० वेळा ०.९९ ने गुणत गेलं, तर सेकंदभरात तो सुमारे दीडशेव्या हिश्शावर येतो. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत मजेचा भाग आहे. आकडा जरा बदलला की काच, पितळ, लाकूड असं काहीही ऐकू येऊ लागतं.

यासाठी लहानसा कागदी पडद्याचा स्पीकर हवा. पितळी चकतीचा पिझो बझर स्वस्त आणि टिकाऊ खरा, पण तो दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपासच मनापासून वाजतो. खालचे सूर त्याच्याकडून काढायला जाल तर खुळखुळा मिळेल.

जोर किती ठेवावा? विमानातल्या धोक्याच्या सूचनांवर श्रवणाचे संशोधक रॉय पॅटरसन यांनी १९८२ साली काम केलं. तेव्हाच्या सूचना इतक्या मोठ्या होत्या, की वैमानिक आधी आवाज बंद करायला धावत आणि बिघाडाकडे मग बघत. भोवतालच्या गोंगाटात जेमतेम ऐकू येईल त्या पातळीच्या १५ ते २५ डेसिबल वर सूचना असावी, आणि तिची सुरुवातही क्षणभर चढत जाणारी असावी, असं त्यांनी सुचवलं. गाडीतला गोंगाट मुख्यतः खालच्या वारंवारतेचा असतो, आणि वय वाढलं की कान आधी वरच्या सुरांना मुकतात. म्हणून मला ७०० ते २००० हर्ट्झचा पट्टा सोयीचा वाटतो.

आता वाजवायची कधी? दिवे चालू ठेवून चावी काढली तर आठवण करून देणारी जुनी युक्ती फार सुंदर आहे. घंटीचं धन टोक हेडलाइटच्या तारेला आणि ऋण टोक चावीने चालू होणाऱ्या तारेला जोडायचं. दोन्ही चालू असतील तर दोन्ही टोकांना १२ व्होल्ट. सारख्या पातळीच्या दोन टाक्यांमधल्या नळीतून पाणी वाहत नाही, तसा प्रवाह वाहत नाही आणि घंटी गप्प राहते. चावी बंद केली की तिची तार गाडीतल्या इतर उपकरणांमधून जमिनीला (म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला) टेकते, प्रवाह सुरू होतो आणि घंटी वाजते. चावी चालू आणि दिवे बंद असताना उलटा प्रवाह येऊ नये म्हणून मध्ये एक डायोड, जो प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. बस्स. तर्कशास्त्राचं एकही गेट (हो-नाही ठरवणारं सर्किट) नाही! नव्या गाड्यांत मात्र या तारांवर संगणकाची नजर असते, तिथे आधी वायरिंगचा नकाशा बघावा, आणि एअरबॅगच्या तारांना तर कधीच हात लावू नये.

गाडीची वीज ‘१२ व्होल्टची’ म्हणणं हा उदारपणा आहे. इंजिन चालू असताना ती १४ च्या आसपास असते, स्टार्टर फिरताना सहा-सातपर्यंत कोसळू शकते, आणि चार्जिंग चालू असताना बॅटरीची तार निसटली तर अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं वीज बनवणारं यंत्र) क्षणभर १०० व्होल्टच्या घरात उसळी मारू शकतो. साध्या ५५५ ची कमाल सोय १६ व्होल्टची. त्यामुळे तारेच्या सुरुवातीलाच फ्यूज, मग उसळी शोषून घेणारा टीव्हीएस डायोड, मग उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड आणि शेवटी दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, ही रांग चुकवू नये. फ्यूज तर अजिबातच नाही. चिप गेली तर घंटी गप्प होते, तार तापली तर आग लागते.

स्पीकर डॅशबोर्डखाली कुठेही चिकटवला तर चालेल असं वाटतं, पण दीड-दोन हजार हर्ट्झच्या शुद्ध सुराची दिशा कानाला नीट ठरवता येत नाही. दाराची घंटी दाराकडून आलेली कळायला हवी असेल, तर तो वरचा बेहिशेबी सूर फार दाबू नका. दिशा ओळखायला कानाला एकाहून अधिक सूर लागतात.