गंधक काढलं म्हणून डिझेल ‘कोरडं’ झालं?

‘बीएस-६ डिझेलात गंधक नाही, त्यामुळे जुन्या गाडीचा इंधन पंप घासतो,’ असं गॅरेजमध्ये अजूनही सांगतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आली, हे खरं. पण डिझेल पंपाला जे वंगण देतं, ते काम गंधक करतच नव्हतं. रिफायनरीत साधारण साडेतीनशे अंशांना, कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावर हायड्रोजनच्या दाबाखाली गंधक काढतात. त्याच माऱ्यात वंगण देणारी नायट्रोजन-ऑक्सिजनची संयुगंही जातात. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पंप खरोखरच झिजले होते, म्हणजे अफवा अगदीच बिनबुडाची नाही. त्यानंतरच डिझेलात वंगणक्षमता वाढवणारं द्रव्य मिसळायची पद्धत रुळली. डिझेलच्या वंगणक्षमतेच्या चाचणीत धातूवर पडणारा झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनच्या आत राहावा लागतो. त्यामुळे वंगणासाठी टाकीत वरून टू-स्ट्रोक ऑइल ओतणं म्हणजे नुसता धूर वाढवणं.