कच्चा कैदी आणि पक्का कैदी

“चार दिवसांची झाली ना? म्हणजे मंगळवारी सुटणार?”

ठाण्याला कोर्ट नाक्यावर कळव्याच्या एका मावशींनी मला विचारलं. मुलगा मोटरसायकल चोरीत पकडलेला, शुक्रवारी रिमांड झालेली, म्हणजे कोर्टाने चार दिवस पोलीस कोठडीत ठेवायला सांगितलेलं. मी म्हटलं, “मावशी, ही शिक्षा नाही, कोठडी आहे. मंगळवारी सुटेलच असं नाही.” त्या सोबतच्या बाईकडे वळल्या, “वकीलच म्हणतात शिक्षा नाही. मग आत कशाला ठेवलंय गं?”

प्रश्न बिनतोड आहे. पेपरात ‘आरोपीला चार दिवसांची कोठडी’ असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, चला, झाली एकदाची शिक्षा. खरं तर तेव्हा गुन्हा सिद्ध होणं दूरच, दोषारोपपत्रसुद्धा दाखल झालेलं नसतं.

शिक्षा कशासाठी, यावर कायद्याच्या वर्गात चार उत्तरं शिकवतात. केल्याचं फळ मिळावं, इतरांना जरब बसावी, गुन्हेगाराला काही काळ गुन्हा करता येऊ नये, आणि तो सुधारून बाहेर यावा. चारही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: त्याने गुन्हा केलाय हे ठरलेलं आहे. कोठडीत तेच ठरायचं असतं. म्हणून तिचं कामही वेगळं. पोलिसांना तपास करता यावा, आरोपी पळू नये, साक्षीदारांना दमदाटी होऊ नये. ‘चांगली अद्दल घडू दे’ हे कोठडीचं कारण होऊच शकत नाही, मग लोक कितीही चिडलेले असोत.

अटक झाली की 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं. तिथे पोलीस पीसी मागतात, म्हणजे पोलीस कोठडी. चोरलेली गाडी शोधून काढायची आहे, साथीदार शोधायचाय, अशी कारणं सांगावी लागतात. अशा गुन्ह्यात पीसी सगळी मिळून 15 दिवसांच्या वर जात नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) हे 15 दिवस तुकड्यातुकड्यानेही घेता येतात, चोरीसारख्या गुन्ह्यात पहिल्या 40 दिवसांत. पीसी संपली की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. तेव्हा आरोपी लॉकअपमधून तुरुंगात जातो आणि घरचे म्हणतात, “आता तर जेलच झाली.” माझ्या मते या गोंधळाचं मूळ इथेच आहे, कारण इमारत तीच. ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातलं मध्यवर्ती कारागृह घ्या किंवा तळोजाचं. एकाच भिंतीआड कच्चे कैदीही असतात आणि पक्केही. खटला चालू असलेला तो कच्चा, शिक्षा लागलेला तो पक्का.

आत मात्र फरक दिसतो. पक्क्याला तुरुंगाचे पांढरे कपडे, आणि शिक्षा सश्रम असेल तर काम सक्तीचं. कच्चा स्वतःच्या कपड्यांत असतो, त्याच्यावर कामाची सक्ती नाही. संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल), शिक्षेत माफी हे पक्क्यांसाठी. कच्च्याच्या हातात जामीन. एक गंमत सांगते. मत दोघांनाही देता येत नाही, पण कच्चा कैदी निवडणुकीला उभा राहू शकतो.

दुसरा फरक घड्याळाचा. पक्क्याला सुटण्याचा अंदाज बांधता येतो. कच्च्याचं सगळं तारखेवर. कायद्याने त्याला दोन आधार दिलेत. चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षं कैद आहे, म्हणून दोषारोपपत्र 60 दिवसांत आलं नाही तर जामीन हा हक्कच. गंभीर गुन्ह्यात ही मुदत 90 दिवस. मात्र अर्ज करावा लागतो, दार आपोआप उघडत नाही. आणि पहिल्यांदाच अडकलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर सोडायचं, दुसरा खटला प्रलंबित नसेल आणि गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल तर. चोरीच्या बाबतीत हा काळ एक वर्ष.

तरीही 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या तुरुंगांत दर शंभरात सुमारे 76 कैदी कच्चे होते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही, ही रोजची गोष्ट. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी ओळखीतलं कोण उभं राहणार?

दोष सिद्ध झाला तर कोठडीतले दिवस शिक्षेतून वजा होतात. आठ महिने आत काढले आणि एक वर्षाची शिक्षा लागली, तर उरले चार महिने. निर्दोष सुटला तर? ते आठ महिने कशातून वजा करायचे? त्यांची सरसकट भरपाई देणारा कायदा आपल्याकडे नाही. इथे मात्र मावशींच्या त्या ‘मग आत कशाला ठेवलंय?’ला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

मंगळवारी मुलाला एमसीआर झाली. जामिनाचा अर्ज लिहायला बसले, तोवर मावशींनी पिशवीतून इस्त्री केलेला निळा शर्ट काढला.

“तिथे पांढरेच घालावे लागतात ना?”

“नाही मावशी, तो कच्चा आहे. घरचे चालतात.”

त्यांनी शर्टाची घडी पुन्हा घातली आणि विचारलं, “मग दोन आणू का?”