संकेतार्थी वाक्ये, इंग्रजीतील

एका गोष्टीचे घडणे दुसरीवर अवलंबून आहे असे सांगणारी इंग्रजीतील मिश्र वाक्ये. अट सांगणारे गौण वाक्य बहुधा ‘इफ’ने सुरू होते आणि परिणाम प्रधान वाक्यात येतो. पाश्चात्त्य व्याकरणात या दोन भागांना ‘प्रोटॅसिस’ व ‘अपोडोसिस’ या ग्रीक संज्ञा आहेत. मराठी व्याकरणात अटीला संकेत म्हणतात. त्यावरून क्रियापदाचा संकेतार्थ आणि जर-तर ही संकेतबोधक अव्यये. संस्कृतात न घडलेल्या क्रियेसाठी लृङ् हा स्वतंत्र लकार (क्रियापदाच्या रूपांचा वर्ग) आहे व पाणिनीने ‘लिङ्निमित्ते लृङ् क्रियातिपत्तौ’ (३.३.१३९) असे त्याचे विधान केले आहे. इंग्रजीत असे वेगळे रूप नाही. तेथे हे काम भूतकाळाच्या रूपांवर येऊन पडते, आणि या विषयातील बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

‘इफ’ची व्युत्पत्ती : प्राचीन इंग्रजीत हा शब्द ‘गिफ’ असा लिहीत, पुढे इ हा स्वर असल्याने आद्य वर्णाचा उच्चार य-सारखा होई. केंटचा राजा एथेलबर्ट याचे कायदे इ. स. ६०० च्या सुमाराचे मानले जातात, मात्र उपलब्ध हस्तलिखित बाराव्या शतकातील आहे. त्यांतील बहुतेक कलमे ‘गिफ’नेच सुरू होतात : मुक्त माणसाने मुक्त माणसाकडे चोरी केली तर तिप्पट भरपाई, अशा धर्तीची. म्हणजे ‘जर’ने सुरू होणारे वाक्य इंग्रजीच्या सर्वांत जुन्या गद्यातच पक्के झालेले दिसते.

हॉर्न टुक या इंग्रज भाषाभ्यासकाने १७८६ मध्ये ‘इफ’ हे ‘गिव्ह’ (देणे) या धातूचे आज्ञार्थी रूप असल्याचे मांडले : ‘हे दे, म्हणजे गृहीत धर’. कल्पना आकर्षक असल्याने ती बराच काळ चालली. परंतु इंग्रजीच्या जर्मानिक भगिनीभाषांचा पुरावा तिच्या विरुद्ध जातो. गॉथिकमध्ये ‘जर’ला ‘यबाइ’ आणि ‘देणे’ला ‘गिबन’ म्हणत. प्राचीन नॉर्समध्ये ‘एफ’ आणि ‘गेफा’. देण्याच्या धातूतला ग दोन्ही भाषांत शाबूत आहे आणि ‘जर’मध्ये तो मुळीच नाही. टुकचे मत आता कोणी धरत नाही. उरलेल्या दोन मतांपैकी एक ‘इफ’ला शंका या अर्थाच्या जर्मानिक नामाशी जोडते (नॉर्स ‘एफ’ नाम म्हणूनही आढळते), तर दुसरे त्याला सर्वनामाच्या अंगापासून काढते. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. अव्ययाचे नाम होणे नवलाचे नाही; ‘जर-तरच्या गोष्टी’ म्हणताना आपणही तेच करतो. शिवाय मराठी जर-तर संस्कृत यर्हि-तर्हिवरून आले असे मानतात, आणि तीही सर्वनाममूलकच आहेत.

काळ आणि अंतर : पुढील तीन वाक्यांत केवळ क्रियापदे बदलली आहेत.

‘इफ द ब्रिज होल्ड्स, दे विल क्रॉस.’
‘इफ द ब्रिज हेल्ड, दे वुड क्रॉस.’
‘इफ द ब्रिज हॅड हेल्ड, दे वुड हॅव क्रॉस्ड.’

पहिल्यात पूल टिकेल की नाही हे खुले आहे. दुसऱ्यात ‘हेल्ड’ हे रूप भूतकाळाचे असले तरी गोष्ट पुढचीच आहे. पूल टिकण्याची शक्यता बोलणाऱ्याने दूर सारली आहे, इतकेच. तिसऱ्यात पूल टिकला नाही असे ऐकणारा धरून चालतो. येथे भूतकाळ दोनदा लागला आहे : एक पायरी खऱ्या गतकाळासाठी आणि एक त्या अंतरासाठी. व्याकरणकार क्वर्क व सहकाऱ्यांनी (१९८५) या प्रकारांना खुली आणि कल्पित अट म्हटले, हडलस्टन व पुलम यांनी (२००२) खुली आणि दूरस्थ. ‘दूरस्थ’ ही संज्ञा अधिक नेमकी आहे, कारण दूरस्थ रूप असत्यच सुचवते असे नाही. ॲलन रॉस अँडरसन या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये याचे चपखल उदाहरण दिले. रोग्याने सोमल घेतला असता तर नेमकी हीच लक्षणे दिसली असती, असे वैद्य म्हणतो, तेव्हा तो विषप्रयोगाच्या बाजूनेच बोलत असतो.

शालेय पुस्तकांतील शून्य, पहिला, दुसरा, तिसरा ही क्रमवारी या तीन वाक्यांत नित्य सत्याचे वाक्य (‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स’) मिळवून झालेली आहे. आरंभाला ती सोयीची आहे, पण ‘इफ शी हॅड टेकन द मेडिसिन, शी वुड बी वेल नाऊ’ हे अगदी साधे वाक्य तिच्या कोणत्याच कप्प्यात बसत नाही आणि मग ‘मिश्र’ नावाचा आणखी एक कप्पा काढावा लागतो.

मराठी भाषकाची अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. ‘पूल टिकला तर ते पलीकडे जातील’ या खुल्या अटीत मराठी भूतकाळी रूप वापरते, इंग्रजी वर्तमानकाळी. म्हणून ‘इफ द ब्रिज हेल्ड, दे विल क्रॉस’ असे चुकीचे वाक्य सहज तोंडी येते. उलट ‘मी तुझ्या जागी असतो तर गेलो असतो’ हे मराठी वाक्य आजच्या आणि कालच्या, दोन्ही प्रसंगांना चालते. इंग्रजीत तेथे ‘वुड गो’ आणि ‘वुड हॅव गॉन’ यांतून निवड करावीच लागते.

‘इफ’नंतर ‘विल’ येत नाही हा नियम काळापुरता खरा. ‘विल’चा अर्थ तयारी असा असेल तर ते चालते : ‘इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल हर’ म्हणजे थांबण्याची कृपा केलीत तर.

‘वेअर’ आणि क्रमपालट : प्राचीन इंग्रजीत सब्जंक्टिव्हची, म्हणजे इच्छा, कल्पना वा अट दाखवणाऱ्या क्रियापदाची, रूपे वेगळी होती. शब्दान्तीचे स्वर क्षीण होत गेले तशी ती नेहमीच्या रूपांत मिसळली. भूतकाळात फक्त ‘बी’ धातूचे ‘वेअर’ उरले. ‘इफ आय वेअर’ हा त्याचाच अवशेष. बोलण्यात ‘इफ आय वॉज’ सर्रास चालते. औपचारिक लेखनात ‘वेअर’ला पसंती आहे, आणि ‘इफ आय वेअर यू’ या ठरीव प्रयोगात तर ते जवळजवळ अनिवार्य आहे.

‘इफ’ गाळून क्रियापद कर्त्याआधी आणण्याची पद्धतही जुनीच. आज ती ‘हॅड’, ‘वेअर’, ‘शुड’ या तिघांपुरती उरली आहे : ‘हॅड आय नोन’. नकार असल्यास ‘नॉट’ सुटे ठेवावे लागते. ‘हॅड आय नॉट नोन’ होते, ‘हॅडन्ट आय नोन’ होत नाही.

इतर प्रयोग : ‘अनलेस’ हे ‘ऑन लेस’ या जुन्या पदसमूहापासून झाले. ‘देअर आर बिस्किट्स ऑन द साइडबोर्ड इफ यू वॉन्ट देम’ हे ऑस्टिन या तत्त्वज्ञाचे १९५६ मधील प्रसिद्ध उदाहरण. कोणाला नको असली तरी बिस्किटे तेथे आहेतच. अट बिस्किटांना लागत नाही, सांगण्याला लागते. बोलीत, विशेषतः अमेरिकन इंग्रजीत, ‘इफ आय वुड हॅव नोन’ ऐकू येते. प्रमाण लेखनात ते ग्राह्य मानत नाहीत.

अटीचे वाक्य आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम देतात. नंतर आले तर सहसा देत नाहीत.